जर्मन इंजिनावर उभा रुपया

पिंपळे गुरवात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, "जर्मन का अमेरिकन?"

मी परभणीची. घरमालक काय काय विचारतात याची सगळी तयारी करून गेले होते. लग्न झालंय का, वडील काय करतात, शिफ्ट कुठली, मटण करणार का, मैत्रिणी किती येणार, सगळी उत्तरं पाठ होती. हे मात्र पोर्शनच्या बाहेरचं निघालं. मी आपलं म्हटलं, "काका, मी परभणीची."

"ते कळलं बोलन्यावरनं. दूध तापत ठिवलं की म्होरं उभी ऱ्हातीस, का दुसरं काम काढतीस?"

मला खोटं बोलायचं सुचलंच नाही. "दुसरं काम काढते."

"उतू जातं?"

"कधी कधी."

"अमेरिकन," काका घराच्या आत बघून म्हणाले, डॉक्टरनं रिपोर्ट वाचावा तसं. आतून एक खणखणीत बायकी आवाज आला, "मग द्या की तिला खोली. ह्या घरात मी एकलीच हाय अमेरिकन. सोबत हुईल." आणि मला खोली मिळाली. काकूंच्या वशिल्यानं.

त्या घरात मी बरीच वर्षं राहिले. आता मोशीला स्वतःचा फ्लॅट घेतलाय, पण अजूनही कुणी दूध गॅसवर ठेवून मोबाईल बघायला लागलं की माझ्या तोंडात तो शब्द येतो. नवरा विचारतो, अमेरिकन म्हणजे काय. काय सांगणार? त्यासाठी आधी काका सांगावे लागतात.

काका मूळचे तिथलेच. रस्ता, बिल्डिंगा, मेट्रो हे सगळं यायच्या आधी त्यांची तिथं ज्वारी होती. शेत गेलं, घर तीन मजली झालं, वरच्या मजल्यांवर आम्ही भाडेकरू आलो. खाली मागच्या बाजूला गोठा होता तो तेवढा राहिला. गोठ्यात म्हशींच्या जागी लोखंडी घोड्यांवर बसवलेली दोन इंजिनं होती. एक जर्मन, एक अमेरिकन. म्हशी जिथं बांधायचे ती दावणसुद्धा शाबूत होती, तिच्यात आता नटबोल्ट सोडायचे पाने ठेवलेले असत, नंबराप्रमाणे ओळीनं.

ही इंजिनं आली कुठून, हे मी आल्या आल्या विचारलं. आमच्या चाकणच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्या परदेशी गाड्या अभ्यासाला आणतात. आणायच्या, पळवायच्या, शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडायच्या, मोजायच्या, आणि मग भंगारात द्यायच्या. तशा दोन जबरदस्त ताकदीच्या गाड्यांची इंजिनं कुदळवाडीच्या भंगार बाजारात काकांना दिसली. दुसरा माणूस वजनावर भाव करून आला असता. काकांनी टेंपो करून ती घरी आणली. काकू सांगायच्या, "लगीन झाल्यावर मला आनली तवा बैलगाडी व्हती. इंजनांना टेंपो."

काकांची सगळी नोकरी पिंपरीतल्या एका जर्मन कंपनीत गेली. आधी पत्रा ठोकायच्या प्रेसशॉपमध्ये, दिवसभर धडाधड, आणि मग साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये. मध्ये कधीतरी कंपनीनं त्यांना ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं होतं. तिथून येताना लोक चॉकलेटं आणतात, सेंट आणतात. काका शिस्त घेऊन आले, आणि काकूंच्या मते घरच्यांना कुणी विचारलंच नाही हवी का म्हणून. अंगणात दुचाक्या लावायला त्यांनी पांढऱ्या रंगाच्या रेषा मारल्या होत्या. चाक रेषेवर आलं तर काका काही बोलायचे नाहीत, नुसते गाडीजवळ उभे राहायचे. आपण खाली उतरून गाडी सरळ करेपर्यंत उभे. एकदा त्यांनी काकूंच्या भाकरीला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. मधोमध जाडी जास्त आणि कडेला कमी भरते हे काकूंना शांतपणे समजावून सांगितलं. त्या दिवशी दुपारी काकूंनी ताटात भाजी, ठेचा, कांदा सगळं वाढलं आणि भाकरीच्या जागी व्हर्नियर ठेवला. काकांनी ठेच्याशी भाजी खाल्ली आणि उठले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

तर त्यांचा सिद्धांत असा, की जगात माणसं दोन तऱ्हेची, कारण इंजिनं दोन तऱ्हेची. भाडेकरू, नातेवाईक, दूधवाला, नगरसेवक, सगळ्यांचा निकाल त्यांनी लावून ठेवलेला होता. आणि निकाल लावला म्हणजे संपलं, अपील नाही.

"हे बग," गोठ्यात नेऊन ते मला सांगायचे, "ह्यो अमेरिकन. आठ सिलिंडर, चार हिकडं, चार तिकडं. झडपा उघडायला कॅमशाफ्ट एकच, आन तो बी खाली पोटात. तिथनं लांब लांब काड्यांनी वरच्या झडपा ढकलायच्या. एक कारभारी आन सगळ्या गावाचा कारभार. आपला जर्मन बग. सहाच सिलिंडर, पन एका वळीत. डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. हवा आत घेनारा येगळा, धूर भाईर सोडनारा येगळा. ताकद दोगांची सारखीच. पन ह्यो गडी तेवढ्याच ताकदीला जवळपास दुप्पट हवा आन पेट्रोल गिळतो."

"गिळू द्या की," दारातून काकू म्हणायच्या. "आपल्या घरातनं कोन उपाशी गेलंय का?"

मी चाकणला एका टेस्टिंग लॅबमध्ये गाड्यांचा आवाज आणि कंपनं मोजायचं काम करते. त्यामुळे या बाबतीत मला थोडंफार कळतं, आणि मुळात मला गप्प बसणं जमत नाही. मी म्हणायचे, "काका, तुमच्या जर्मनचं एक बारकं काही बिघडलं तर अर्धं इंजिन उतरवावं लागतं. अमेरिकनचं झाकण चार पान्यांत उघडतं. आणि तो एकच कॅम पोटात असल्यामुळे इंजिन बुटकं होतं, हलकं होतं, कुठंही बसतं. त्यात अक्कल नाही का?"

"आळस हाय त्यो."

"आळशी माणूसच सोपा रस्ता शोधतो ना?"

"अमेरिकन," ते म्हणायचे, आणि विषय बंद.

त्यांची खरी मेख मात्र वेगळीच होती. ते जर्मन इंजिन सुरू करायचे, खिशातून रुपयाचं नाणं काढायचे आणि चालत्या इंजिनाच्या डोक्यावर कडेवर उभं करायचे. नाणं उभं राहायचं. सहा सिलिंडर एका ओळीत असले की वर जाणाऱ्याला खाली येणारा बरोबर सांभाळतो, हिसका उरतच नाही. हे मी पुस्तकात शिकले होते, पण डोळ्यांनी बघितलं ते त्या गोठ्यात. काका नाण्याकडे बघत उभे राहायचे. मग हातातलं लाकडी दांडकं इंजिनाला टेकवायचे, दुसरं टोक कानाला, आणि डोळे मिटायचे. जुने मेकॅनिक तसंच ऐकतात. त्यांचा चेहरा तेव्हा असा व्हायचा की आपण तिथून निघून जावं, उगाच खाजगीत आल्यासारखं वाटायचं.

अमेरिकन ते वर्षातून एकदाच चालवायचे, खंडेनवमीला, तेही काकूंनी हट्ट धरला म्हणून. आमच्या भागात त्या दिवशी घरोघरी, शेडोशेडी यंत्रांची पूजा होते, लेथला झेंडू, प्रेसला झेंडू, फोर्कलिफ्टला उसाची कांडी. काका दोन्ही इंजिनांना हार घालायचे, पण जर्मनचा हार अंमळ मोठा. अमेरिकन सुरू झालं की ढब्ब-ढब्ब, ढब्ब-ढब्ब करत एखादा ठोका चुकल्यासारखं चालायचं, आणि गोठ्याचा सगळा पत्रा थरथरायचा. रुपया त्याच्यावर ठेवायचा प्रश्नच नव्हता. काका म्हणायचे, "ढोल हाय नुसता." काकू म्हणायच्या, "निदान बोलतंय तरी. तुमचा त्यो जर्मन तुमच्यावानीच. चालू हाय का बंद, मानसाला कळाय नको."

एके दिवशी मी कामावरून आले तर काका अंगणातच माझी वाट बघत होते. चेहरा खुललेला. "चल, तुला दावतो. जर्मन आजून सेट झालाय. वरची टिकटिक पार गेली बग." मी गोठ्यात गेले. जर्मन चालू होतं, आणि वरची झडपांची टिकटिक होती तशीच होती. मला वाटलं मीच थकलेय. मी दुसऱ्या दिवशी लॅबमधला छोटा मीटर आणला, मोजलं. आधी कधीतरी हौसेनं मोजून ठेवलं होतं त्यात आणि यात तसूभर फरक नव्हता. टिकटिक इंजिनातून गेली नव्हती. ती काकांच्या कानातून गेली होती.

मी तिथंच सांगून टाकलं. अशी गोष्ट गोड करून कशी सांगतात ते मला येत नाही. काकांनी मीटर हातात घेऊन उलटा करून बघितला आणि विचारलं, "मीटर कुटल्या देशाचा?"

"डेन्मार्कचा."

"मंग बरोबर आसंल," म्हणाले.

काकू आणि मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. प्रेसशॉपच्या धडाक्यानं कानातली नस पूर्वीच खराब झाली होती, आता वय झाल्यावर ती झपाट्यानं चालली होती. आधी बारीक आवाज जातील, मग बाकीचे. मशीन लावा, थोडी मदत होईल, फार अपेक्षा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. रिक्षात काका मधे बसले होते.  उतरताना काका मला म्हणाले, "येत्या खंडेनवमीला दोनी इंजनं एका वक्ती चालवायची. शेजारी शेजारी. दोगांचा आवाज एकदा नीट कानात घिऊन ठिवायचा. मंग कान गेला तरी चालंल."

 एवढंच हवं होतं त्या माणसाला. कान जायच्या आत दोन इंजिनांचा आवाज.

अडचण अमेरिकनची होती. ते आतून झिजलेलं होतं, खडखडत होतं, उघडून नव्यानं बांधायला हवं होतं. आणि बांधायला घेतल्यावर काकांमधला टूलरूमवाला जागा झाला. इंजिनाच्या पोटात क्रँकशाफ्ट फिरतो, म्हणजे सगळी ताकद गोळा करणारा मुख्य दांडा. तो आणि त्याला धरणारी बेअरिंगं यांच्या मध्ये केसाहून बारीक जागा सोडावी लागते, तेलासाठी. आमच्याकडे त्याला सरळ ढील म्हणतात. अमेरिकन इंजिनात ही ढील जर्मनपेक्षा सढळ असते. अवजड दांडा, दाट तेल, तापला की फुगतो, त्याला अंग हलवायला जागा लागते. हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. मी काकांना ते पान उघडून दाखवलं.

"यवढी ढील?" काका म्हणाले. "इंजन हाय का चप्पल हाय?"

"पण ज्यांनी बनवलंय त्यांनीच लिहिलंय ना, काका."

"त्येंनी त्येंच्या हाताच्या हिशेबानं लिवलंय. माझ्या हाताच्या न्हाई."

आता यात नुसता काकांचा दोष काढून उपयोग नाही. आमच्या सगळ्या पट्ट्यालाच हा रोग आहे. भोसरी म्हणू नका, चाकण म्हणू नका, ज्याच्या त्याच्या तोंडी मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इथं माणूस जावयाचं कौतुक करताना सांगतो की पोरगा मायक्रॉनमध्ये काम करतो. जेवढं घट्ट तेवढं भारी, हे आमच्या हाडात भिनलंय. काकांच्या हाताखाली शिकलेल्या एकाची चाकणला ग्राइंडिंगची शेड होती. त्यानं गुरुजींचं काम म्हणून क्रँक इतक्या प्रेमानं घासला की ढील जर्मनच्याही वरताण कमी. "काका, असं काम अमेरिकेत बी व्हनार न्हाई," तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. काकांनी ते इंजिन बांधलं ते अमेरिकनला वळण लावायचं म्हणूनच. आयुष्यभर ढिलं राहिलेलं पोरगं एकदा नीट कपडे घालून लोकांपुढं यावं, असं काहीतरी त्यांच्या मनात असणार.

खंडेनवमीला अख्खी आळी गोळा झाली. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. आधी जर्मन सुरू केलं, रुपया उभा केला, टाळ्या झाल्या. मग अमेरिकन. पहिल्या सेल्फला लागलं. खडखड खरंच गेली होती, ढब्ब-ढब्ब असं भरीव आणि स्वच्छ येत होतं की मी मनात म्हटलं, बाई, हरलो आपण. काकांनी दांडकं कानाला लावलं आणि डोळे मिटले. "ऐक," ते म्हणाले. "शिकलं बग. शिकलं."

इंजिन तापायला लागलं आणि एक बारीक आवाज सुरू झाला. चीं असा, पातळ, उंदीर चेपल्यासारखा. मला ऐकू आला, शेजाऱ्यांना आला, पेढा खाणाऱ्या बारक्या पोरांनासुद्धा आला. काकांना आला नाही. मी "काका, बंद करा," म्हणून ओरडले, पण दोन इंजिनांच्या आवाजात माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही. ते डोळे मिटून हसत उभे होते. काकू गर्दीतून पुढं आल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अवं बंद करा." काकांनी डोळे उघडले, पण तोवर आतून एक हिसका बसला आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. तापून फुगलेल्या दांड्याला बेअरिंगांनी आवळून धरलं होतं. जाम. जर्मन शेजारी चालूच होतं, डोक्यावर रुपया घेऊन.

लोक पेढा हातात धरून उभे राहिले, खावा की नको कळेना. काकांनी हातानं दांडा फिरवून बघितला, फिरला नाही. त्यांनी आमच्या तोंडांकडे बघितलं. "काय आवाज आला व्हता का आदी?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणून मान हलवली. "मोठा?"

"बारीक होता, काका."

"मला न्हाई आला," ते म्हणाले. त्यांनी रुपया उचलून खिशात टाकला, जर्मन बंद केलं आणि गोठ्याला कडी लावली.

पुढचे महिने वाईट गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून कान लवकर गेला. कानाचं मशीन आणलं, पण त्यातून त्यांना म्हणे फक्त भांडी ऐकू यायची, मग त्यांनी ते दावणीत पान्यांच्या शेजारी ठेवून दिलं. शेवटी शेवटी त्यांना एकट्या काकूंचं बोलणं तेवढं ऐकू यायचं, आणि काकू म्हणायच्या, "देवाची करनी बगा. आयुष्यभर जे ऐकाय नको व्हतं त्येवढंच ऱ्हायलं." हसवायला म्हणायच्या, पण काका हसत नसत. गोठा उघडत नव्हते. अंगणातल्या रेषा पुसट झाल्या. वरच्या मजल्यावरच्या एकानं आठवडाभर बुलेट आडवी लावली आणि काका तिच्याजवळ जाऊन उभे राहिले नाहीत. त्या दिवशी मला खरी भीती वाटली.

लॅबमध्ये तेव्हा आमच्याकडे इलेक्ट्रिक गाड्यांचं काम आलं होतं. या गाड्या आवाज करत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या माणसांना कळावं यासाठी त्यांना स्पीकरमधून खोटा आवाज द्यायचा असतो. मी दिवसभर खोटे आवाज ऐकून यायचे आणि संध्याकाळी काका पायरीवर बसलेले दिसायचे. त्यांना लिहून दाखवायला आम्ही एक पाटी आणली होती, एकदा त्यांनी स्वतःच तिच्यावर खडूनं लिहून मला दाखवलं, भंगारवाल्याला फोन लाव. दोन्ही इंजिनं द्यायची. मी फोन लावला नाही. काकूंना जाऊन सांगितलं.

काकूंनी कपाळाला हात लावला नाही, रडल्या नाहीत. पदर खोचला, कडी काढली आणि गोठ्यात गेल्या. दावणीतला हाताला लागला तो पहिला पाना उचलला आणि अमेरिकनच्या एका बोल्टाला लावून ओढायला लागल्या. पाना दोन नंबर मोठा होता. बोल्टाच्या डोक्यावरून सटकायचा, कडा खायचा, काकू पुन्हा लावायच्या. काका दारात येऊन उभे राहिले. "काय करतीस?"

"उगडते," काकू म्हणाल्या. "भंगारात द्यायचंय न्हवं? सुटं करून दिऊ. भाव बरा येतोय."

पाना पुन्हा सटकला. काकांचा जबडा आवळला गेला, मला स्पष्ट दिसलं. टूलरूममध्ये उभी हयात काढलेला माणूस, त्याच्यासमोर चुकीच्या पान्यानं बोल्टाचं डोकं गोल होतंय. काकूंनी तिसऱ्यांदा पाना लावला तेव्हा काका तरातरा आत आले, तो हातातून काढून घेतला, जागेवर ठेवला, बरोबर नंबरचा घेतला आणि बोल्ट सोडवला. मग दुसरा सोडवला. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "आज च्या तू टाक. आन म्होरं उभी ऱ्हा, उतू दिऊ नको."

या वेळी ढील पुस्तकाप्रमाणे ठेवली. काकांनी स्वतःच ते पान उघडून चष्मा लावून वाचलं आणि खाली बोट धरून मला दाखवलं, मी मान डोलावली. चाकणचा शिष्य बिचारा हळहळला. "यवढं सैल काम माझ्या शेडमधनं बाहेर जानार?" म्हणाला. काकांना ऐकू आलं नाही, हे त्याचं नशीब. मधे मधे काका क्रँक हातानं फिरवायचे आणि मला दांडक्याचं टोक कानाला लावायला सांगायचे. "कसा येतोय आवाज?" मी म्हणायचे, "टकटक." ते तोंडाकडे बघून ओळखायचे, "टकटक का टिकटिक?" मला सांगता यायचं नाही. इतकी वर्षं आवाज मोजून पगार घेत होते, पण एक आवाज कुणाला शब्दात सांगायची वेळ आली नव्हती.

पुढची खंडेनवमी आली. आळीतले लोक आले, पण मागच्या खेपेचं आठवून जरा लांबच उभे राहिले. कुणी टाळ्याबिळ्या वाजवल्या नाहीत. काकांनी आधी जर्मन सुरू केलं. रुपया उभा केला. दांडकं कानाला लावलं, काही नाही. मग त्यांनी तळहात इंजिनावर ठेवला, सगळी बोटं पसरून, आणि वाट बघितली. मग दुसरा हातही ठेवला. आणि त्यांनी वळून काकूंना विचारलं, "चालू झालं का?"

 रुपया त्यांच्या दोन हातांच्या मध्ये तसाच उभा होता. ज्या गुणासाठी त्यांनी त्या इंजिनावर जीव टाकला होता, त्याच गुणानं ते आता त्यांच्यासाठी बंद होतं. काकूंनी नुसती मान हलवली, हो म्हणून. काकांनी रुपया उचलला. मी झेंडूच्या हाराकडे बघत राहिले.

मग त्यांनी अमेरिकनची चावी फिरवली. मला वाटतं, केवळ ठरवलं होतं म्हणून फिरवली.

ढब्ब-ढब्ब. पत्रा थरथरला. पूजेचं ताट दावणीवर ठेवलं होतं ते सरकायला लागलं, हळदीकुंकू एकमेकांत मिसळलं. मी काकांकडे बघत होते. त्यांनी आधी खाली बघितलं, आपल्या पायांकडे. चप्पल काढली. अनवाणी जमिनीवर उभे राहिले. मग पुढं झाले आणि इंजिनाला हात लावला, आणि तो हात त्यांच्या कोपरापर्यंत हलायला लागला. त्यांनी दांडकं घेतलं, सवयीनं कानाकडे नेलं, थांबले, आणि त्याचं टोक दातात धरलं. दुसरं टोक इंजिनाला टेकवून डोळे मिटले. कानाला काही येत नव्हतं, पण इंजिनाचा ठोका दातांतून जबड्याच्या हाडात शिरत होता.

किती वेळ ते तसे उभे होते कुणास ठाऊक.  मग त्यांनी दांडकं दातातून काढलं.

"बोलतंय गं," ते काकूंना म्हणाले.

 काकूंनी सरकणारं पूजेचं ताट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. काकांनी पुन्हा दांडकं दातात धरलं, आणि या वेळी कपाळाला आठी घालून, एकेक सिलिंडरला टेकवत पुढं गेले. उजवीकडच्या एकापाशी थांबले. "ह्यो मागं ऱ्हातोय," मला म्हणाले. "बग जरा." मी बघितलं. त्या सिलिंडरच्या प्लगची वायर नीट बसली नव्हती. दाबून बसवली. काकांनी दांडकं दातात धरूनच मान डोलावली, झालं म्हणून. मग रुपया काढला आणि अमेरिकनवर उभा करायला गेले. तो उभा राहतोय कसला. टणकन उडाला आणि कुंकवात पडला. काका हसले. आवाज न करता हसायचे ते पूर्वी, आता स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे असे मोकळे हसले की रस्त्यावरच्या माणसानं वळून बघावं.

त्यानंतर ते रोज सकाळी अमेरिकन थोडा वेळ चालवतात. शेजारीपाजारी कुरकुरतात, पण काकूंशी बोलायला कोण जाणार. जर्मनही चालवतात, त्याच्यावर रुपया उभा करतात आणि डोळ्यांनी बघतात. त्यांनी पक्ष बदलला असं कुणी समजू नये. मी एकदा पाटीवर लिहून विचारलं, आता सांगा, भारी कोण? त्यांनी पाटी घेतली, बराच विचार केला आणि लिहिलं, जर्मन. पाटी परत देता देता पुन्हा ओढून घेतली आणि खाली लिहिलं, पण तब्येतीला अमेरिकन बरा.

गेल्या खंडेनवमीला मी नवऱ्याला घेऊन गेले होते. काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि दूध तापवण्याबद्दलचा तोच प्रश्न विचारला. त्यानं, मी शिकवून ठेवलं होतं तसं, मोठ्यानं आणि ओठ नीट हलवत सांगितलं की समोर उभा राहतो. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली, चांगला आहे, सांभाळून घे, अशा अर्थानं. अंगणातल्या रेषा नव्यानं रंगवलेल्या होत्या. आम्ही स्कूटर लावली आणि मी जुन्या सवयीनं वाकून बघायला गेले, चाक रेषेवर तर नाही ना.

नव्हतं. चाकाच्या दोन्ही बाजूंना चांगली वीतभर जागा होती. या वेळी रेषा काकांनी मुद्दाम ढील ठेवून मारल्या होत्या.